सहा चौकोन

पारंपरिक आकाशकंदील घरी बांधायचा तर सारख्या लांबीच्या २४ कामट्या लागतात. १६ कामट्यांचे चार चौकोन बांधायचे, ते टोकावर उभे करून टोकाला टोक जोडत गोल आणायचे. मग वरच्या चार टोकांवर चार कामट्या, खालच्या चार टोकांवर चार. एवढं झालं की चौकोनांच्या मधे आठ त्रिकोण आपसूक उमटतात, ते कुणाला वेगळे बांधावे लागत नाहीत. सहा चौकोन, आठ त्रिकोण, बारा कोपरे. आर्किमिडीजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १३ घनाकृतींपैकी ही एक, आणि योहानेस केप्लरने १६१९ सालच्या आपल्या ग्रंथात या तेराही आकृत्या नावं देऊन मांडल्या. आपल्याकडे ती ओसरीवर मांडी घालून, दोऱ्याचं एक टोक दातात धरून बांधली गेली. तिची एक गोष्ट मला फार आवडते. मध्यबिंदूपासून तिचा प्रत्येक कोपरा बरोबर एका कामटीच्या अंतरावर असतो. मधोमध दिवा लावला की बाराही कोपऱ्यांना तो सारखाच जवळ.

कसबा पेठेतल्या एका वाड्यात, मागच्या चौकाला लागून शालनमावशींची खोली होती. श्रावण लागला की रविवार पेठेतल्या एका व्यापाऱ्याकडून त्यांच्याकडे बांधलेले सांगाडे येत. मावशी त्यांवर कागद चढवत, कडांना सोनेरी पट्टी लावत, खाली झिरमिळ्या सोडत आणि डझनावर पैसे घेत. सांगाडा बांधणाऱ्याचा दर जास्त, कागद लावणाऱ्याचा कमी. हे मावशींनाही रास्तच वाटे. "बांधणाऱ्याचं काम खरं. आपलं काय, वरवरचं," असं त्या कुणी न विचारताही सांगून टाकत.

हे वरवरचं काम त्या ज्या निगुतीने करत, ते पाहायला वाड्यातली पोरं दारात बसून राहत. खळ रोज सकाळी ताजी. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, गुठळी म्हणून राहू द्यायची नाही, मग मंद आचेवर घाटत राहायचं. पांढरेपणा जाऊन तकाकी आली की पातेलं उतरवायचं. त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कागदाला कसर लागत नाही नि झुरळं कुरतडत नाहीत. मोरचूद विषारी, म्हणून त्या पातेल्याच्या कानाला लाल चिंधी बांधलेली असे आणि काम संपलं की ते वरच्या फळीवर जाई. कागद चौकोनापेक्षा बोटभर जास्त कापायचा, कोपरे कातरायचे, कडेला खळ लावून कामटीवरून आत वळवायचा. वरच्या आणि खालच्या चौकोनाला पुरता कागद लावता येत नाही. वरून बल्ब आत सोडायचा असतो आणि खालून हवा यायला हवी. त्या दोन चौकोनांच्या चारही कोपऱ्यांत मावशी जाड कागदाचे तिकोनी तुकडे डकवत. व्यापारी म्हणे, "ते कुणाला दिसतात? सोडून द्या, तेवढाच वेळ वाचेल." मावशी सोडत नसत. "त्याशिवाय कंदील अंग धरत नाही," एवढंच म्हणत. यापुढचं कारण त्यांना सांगता येत नसे, आणि कुणी खोदून विचारतही नसे.

एका वर्षी वाड्याने दिंडी दरवाजावर मोठा कंदील लावायचं ठरवलं. वरच्या मजल्यावरचा अवधूत स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता, काम त्याच्याकडे आलं. त्याने बुरूड आळीतून बांबू आणला, दीड दीड फुटाच्या कामट्या करून घेतल्या, पॉलिशपेपरने घासल्या आणि एकेक मोजून सारखी केली. दीड फुटाची कामटी म्हणजे कंदील आडवा तीन फूट. धाकटी बहीण मुक्ता दोऱ्याचं रीळ घेऊन शेजारी बसली. संध्याकाळपर्यंत सांगाडा बांधून झाला, आणि जमिनीवर असेतो तो फार देखणा दिसला.

उचलल्याबरोबर बिघडला. वरचा चौकोन धरून वर घ्यावा तर खालचा चौकोन वळून एकीकडे जाई आणि बाजूचे चौकोन शंकरपाळ्यांसारखे तिरपे होत. सावरून सरळ करावा, तर हात सोडताच पुन्हा तेच. अवधूतने गाठी सोडून घट्ट बांधल्या. दोऱ्याऐवजी तार घेतली. मग कामट्याच बारीक आहेत असं म्हणून चार जाड कामट्या बदलून पाहिल्या. जाड कामट्यांनी वजन वाढलं, आणि कंदील आधीपेक्षा लवकर वाकला.

"आता एकच उपाय," तो म्हणाला, "प्रत्येक चौकोनात एक आडवी काठी. कर्णावर."

मावशी चौकात सांगाडे मोजत होत्या. त्यांनी मान वर केली. "तसं नको रे करू. आत दिवा लागला की त्या काठीची सावली कागदावर पडते. कंदिलाच्या तोंडावर काट मारल्यागत दिसेल ते. आधी कागद लाव, अंग धरेल तो."

"मावशी, कागदाने काय होणार? बोट लावलं तर भोक पडतं त्याला. उलट वजनच वाढेल."

मावशींनी वाद घातला नाही. शिलकीतल्या चार कामट्या उचलून एक चौकोन बांधला आणि अवधूतच्या हातात दिला. त्याने दोन समोरासमोरचे कोपरे दाबले. चौकोन लगेच चपटा झाला. मावशींनी तो परत घेतला, पाटावर सरळ ठेवला, वर पतंगी कागद चढवला आणि "उद्या सकाळी ये," म्हणाल्या.

सकाळी तो चौकोन भिंतीला टेकून उभा होता. रात्री ओल्या खळीने मऊ पडलेला, मधे जरासा झोळ आलेला कागद वाळताना आवळला होता. टिचकी मारली तर टणटण वाजत होता. अवधूतने कोपरे दाबले. चौकोन हलला नाही. त्याने जोर वाढवला. कामटी किंचित वाकली, कागदावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक बारीक ताणरेघ उमटली, पण चौकोन चौकोनच राहिला. त्याने दुसरे दोन कोपरे दाबले. रेघ आता दुसऱ्या कर्णावर आली. तो किती तरी वेळ नुसता ती रेघ पाहत होता.

कारण त्याला कळायला लागलं होतं. चौकोन तिरपा व्हायचा तर त्याचा एक कर्ण आखूड व्हावा लागतो आणि दुसरा लांब. कागद दाबला तर मुकाट्याने दुमडतो, तिथे त्याच्यात काहीच बळ नाही. पण ताणला तर तो सहजी देत नाही. कर्ण कुठलाही लांबू पाहो, तिथे कागद उभाच असतो. लाकडाची एक काठी एका कर्णावर बसते. कागद एकाच वेळी दोन्ही कर्णांवर असतो, आणि सावली पाडत नाही.

दुपारी तो वही घेऊन बसला. सांगाडे कधी ताठ राहतात याचा एक हिशोब जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६४ साली मांडला होता आणि तो अवधूतने परीक्षेसाठी पाठ केलेला होता. तोच त्याने आता कंदिलाला लावला. हवेतल्या एका कोपऱ्याला तीन दिशांनी हलता येतं. बारा कोपरे म्हणजे ३६ हालचाली. त्यातल्या ६ सोडायच्या, कारण अख्खा कंदील सरकला किंवा फिरला तर त्याचा आकार बिघडत नाही. उरल्या ३०. एक काठी एक हालचाल अडवते. काठ्या २४.

सहा कमी. आणि कंदिलाला चौकोन किती? सहा.

पाठ केलेलं आणि उमगलेलं यांत केवढं अंतर असतं, ते त्या दुपारी त्याला दिसलं असेल. त्याने मुक्ताला हाक मारली आणि मावशींकडून दोन छोटे सांगाडे मागून घेतले. एकाच्या फक्त आठ त्रिकोणांना कागद लावायचा, दुसऱ्याचे फक्त सहा चौकोन करायचे: बाजूच्या चारांना पूर्ण कागद, वरच्या-खालच्याला मावशींचे तिकोनी तुकडे.

त्रिकोणांचे कागद मुक्ताने कापले, तेही पट्टी न लावता. चौरस कागद मधोमध दुमडून घडीची रेघ पाडायची. मग खालचा एक कोपरा उचलून त्या रेघेवर आणायचा, असा की घडी खालच्या दुसऱ्या कोपऱ्यातून जाईल. कोपरा रेघेला जिथे टेकतो, तो समभुज त्रिकोणाचा माथा. मद्रासला टी. सुंदर राव यांनी १८९३ साली असं कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं एक अख्खं पुस्तक इंग्रजीत लिहिलं, आणि ते पुढे युरोप-अमेरिकेतल्या गणितज्ञांनी उचलून धरलं. मुक्ताला हे ठाऊक नव्हतं. तिने ती घडी शाळेत शिकली होती. मला वाटतं, कंपासपेटी उघडण्याआधी प्रत्येक मुलाने ही एक घडी घालून पाहावी. बरोबर ६० अंश आपल्या बोटांतून निघतात, आणि त्यावर पुन्हा कधी अविश्वास बसत नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही सांगाडे वाळले. त्रिकोणांना कागद लावलेला कंदील आठ रंगीत पानं मिरवत होता, पण उचलला की पहिल्यासारखाच वळत होता. त्रिकोण मुळातच हलत नाही. त्याच्या तीन काठ्या एकमेकींना धरून असतात. कागदाने त्याला नवं काही दिलं नाही. चौकोनांना कागद लावलेला कंदील दिसायला उघडाबोडका, पण मुक्ताने तो एका कोपऱ्याला धरून उचलला तरी ढिम्म हलला नाही. अवधूतने मग त्यातल्या खालच्या चौकोनाचे तिकोनी तुकडे हलक्या हाताने सोडवून काढले. खालचा चौकोन पुन्हा डुलू लागला. तुकडे परत डकवून वाळल्यावर तो थांबला.

"म्हणजे मावशींचं बरोबर होतं," मुक्ता म्हणाली.

"मावशींचं बरोबर होतंच," अवधूत म्हणाला. "का बरोबर होतं, ते कुणी त्यांना सांगितलं नव्हतं."

मोठ्या कंदिलाला कागद लावायला मावशी स्वतः आल्या. आल्या आल्या त्यांनी एक दोरी मागितली आणि एका चौकोनाचे दोन्ही कर्ण मापून सारखे होईतो चौकोन हलवला. साडेपंचवीस इंच. "ही दोरी जपून ठेव. सहाही चौकोनांना हीच लागेल." अवधूतने मनातल्या मनात हिशोब करून सांगितलं, की वरचा चौकोन आणि खालचा चौकोन यांच्यातली उंचीसुद्धा याच दोरीएवढी यायला हवी. मावशींनी दोरी उभी धरून पाहिली. आली. त्या पहिल्यांदाच मनापासून हसल्या. इतकी वर्षं हा आकार हाताळून हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आता तू धर," त्या म्हणाल्या. "आणि हलू नकोस. कागद ओला असताना जसं धरशील तसा तो वाळतो. वाकडं धरलंस तर वाकडंच पक्कं करेल. मग ओढून सरळ करायला गेलास तर फाटेल, पण ऐकणार नाही."

तेव्हा अवधूतला कामाचा दुसरा भाग कळला. कागद ताकद देतो, पण कुठल्या आकाराला ती द्यायची हे त्याला ठाऊक नसतं. ते ओल्या वेळी धरणाऱ्याने ठरवायचं असतं. तो दोन्ही हातांनी सांगाडा तोलून बसला. मुक्ता दोरी लावून कर्ण बघत होती; जरा कमी-जास्त झालं की "दादा, डावीकडे, अगदी थोडं" म्हणत होती. मावशी आधी समोरासमोरचे दोन चौकोन करत, मग उरलेले दोन, म्हणजे वाळताना ताण एकाच बाजूला येत नाही. घड्याळ पुढे सरकत होतं. अवधूतचे खांदे भरून आले. काहीही न करता नुसतं धरून ठेवायचं काम त्याने आयुष्यात कधी केलं नसेल.

धरल्या धरल्या तो मावशींना हिशोब सांगू लागला. छत्तीस, त्यातून सहा गेले, तीस, काठ्या चोवीस. मावशींची बोटं खळीत होती, त्यांनी फक्त मान हलवली. मग तो म्हणाला, की कोशी नावाच्या एका फ्रेंच गणितज्ञाने १८१३ साली सिद्ध केलं आहे: कुठे खोबण नसलेल्या अशा घनाकृतीच्या बाजू ताठ असल्या, तर तिच्या कडांना बिजागऱ्या बसवल्या तरी ती जराही हलत नाही. "म्हणजे मावशी, आपल्या गाठी कितीही सैल असल्या तरी तुमचा कागद नीट बसला की झालं. माझ्या तारेची काही गरजच नव्हती."

मावशींचा हात थांबला.

"त्रिकोणाचा कागद?" त्यांनी विचारलं.

"तो शोभेचा. रंगाचा."

"आणि चौकोनाचा?"

"त्याच्यावर कंदील उभा आहे."

"आणि वरखालचे तुकडे? ते तर दिसतही नाहीत."

"तेही धरूनच सहा होतात. ते काढले तर चार राहतील, दोन कमी पडतील. खालचे मी काढून पाहिले."

मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. हातातल्या कागदाची कड त्यांनी पुन्हा एकदा अंगठ्याने दाबली, मग आधीच लावून झालेल्या चौकोनाकडे वळून त्याचीही चारही टोकं तपासली. एका टोकाला चिमूटभर जागा सुटली होती. एरवी त्यांनी ती सोनेरी पट्टीखाली जाऊ दिली असती. आता त्यांनी खळीचं बोट फिरवून ती बसवली.

कंदील वसुबारसेला दरवाजावर चढला. दोघांनी मिळून दोर ओढला, तो सरळ वर गेला आणि सरळ राहिला. येणारे-जाणारे थांबून बघत आणि "कुणी बांधला?" विचारत. अवधूत दर वेळी सांगे, "बांधला मी, उभा केला शालनमावशींनी." लोकांना तो विनय वाटे. त्यांना तसं वाटू नये म्हणून तो कधी कधी लोकांना चौकात नेऊन ते दोन छोटे सांगाडे हातात देई, आणि पिळून बघायला लावी. हे मला फार मोलाचं वाटतं. कौतुक करणं सोपं असतं. दुसऱ्याच्या कामाचा भार समोरच्याच्या हाताला जाणवून देणं, ही खरी दाद.

पुढच्या श्रावणात व्यापाऱ्याकडून सांगाडे आले, आणि नेहमीप्रमाणे दरासाठी तो स्वतः आला. सांगाड्याचा दर वाढलाय, म्हणाला, बांबू महागला. कागदकामाचा तोच ठेवू.

मावशींनी त्याला पाणी दिलं. मग म्हणाल्या, "त्रिकोणांचा तोच ठेवा. चौकोनांचा वेगळा लागेल."

"चौकोनांचा वेगळा? अहो मावशी, कागद तो कागद. त्रिकोणाला लावा की चौकोनाला."

"आणि वरखालच्या कोपऱ्यांचे तुकडेही त्यातच धरायचे. ते आम्ही सोडणार नाही, आणि फुकटही लावणार नाही."

"ते तर मी कधीपासून सांगतोय, लावूच नका. कोण बघतं?"

मावशींनी आणलेल्या ढिगातला सगळ्यात वरचा सांगाडा उचलला आणि त्याच्या हातात दिला. "हा तुमचा महागाचा सांगाडा. वरून धरा. आता उचला."

त्याने उचलला. खालचा चौकोन वळून एकीकडे गेला, बाजूचे चौघे तिरपे झाले. त्याने दुसऱ्या हाताने सावरायला पाहिलं तर तो आणखीच बसला. मावशींनी मागच्या वर्षीचा छोटा कंदील फळीवरून काढला, ज्याच्या नुसत्या चौकोनांनाच कागद होता, आणि तो त्याच्या दुसऱ्या हातात दिला. रंग उडालेला, एका बाजूला धुळीने काळवंडलेला. पण ताठ.

"पिळा," त्या म्हणाल्या. "घाबरू नका, जोर लावा."

त्याने जोर लावला. मग दोन्ही हातांतले दोन्ही कंदील त्याने पुन्हा पुन्हा पाहिले. दारात मुक्ता येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात तीच साडेपंचवीस इंची दोरी होती, तिला गाठी मारून तिने निम्म्याची आणि पावाचीही खूण केली होती, लहान कंदिलांना लागेल म्हणून.

व्यापाऱ्याने रिकामा सांगाडा खाली ठेवला, कागदाचा हातातच राहू दिला, आणि खिशातून वही काढली.

"चौकोनाला किती म्हणता?" त्याने विचारलं.